चित्रा नक्षत्राचे जामीनदार

आमच्या गारखेड्यातल्या इमारतीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळतं, आणि ते नीट शिजतंय का, हे नानासाहेब दांडगे सांगतात. जिना चढताना उघड्या दारातून त्यांना ओट्यावरचा गॅस दिसला की त्यांचे पाय थांबतात.

"विशाखाताई, ज्योत पिवळी मारतीय. बर्नर काढा, घासा. पिवळी ज्योत म्हणजे भांड्याला काजळी अन् सिलेंडरला भोक."

मी बर्नर घासते. नाही घासला तर उतरताना ते परत बघणारच असतात.

नाना आयटीआयमध्ये वेल्डिंगचे निदेशक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हातांवर ठिणग्यांचे तिळासारखे डाग अजून आहेत, आणि समोरच्याकडे डोळे बारीक करून बघायची सवयही. शहरातल्या निम्म्या खिडक्यांच्या जाळ्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी जोडल्यात, आणि नानांच्या मते त्यातल्या निम्म्या चुकीच्या जोडल्यात. लग्नाला गेले तरी ते नवरा-नवरीच्या आधी मंडपाचे खांब बघतात. एकदा उस्मानपुऱ्यातल्या कार्यालयात इकडे अक्षता पडत होत्या आणि नाना खुर्ची उलटी करून तिच्या पायाचा जोड तपासत होते. तेव्हापासून साळूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कुठल्याही लग्नात त्यांच्यापासून लांब, अनोळखी बायकांत जाऊन बसतात.

जोड चांगला असला तर नाना काहीच बोलत नाहीत. ही त्यांची स्तुती. वाईट जोडाचा त्यांना राग येतो, पण त्याहून जास्त राग येतो तो वाईट जोडावर ग्राइंडर फिरवून तो गुळगुळीत करून देणाऱ्याचा. "तुटका जोड दिसतो, माणूस जपून राहतो. घासून चकाचक केलेल्यावर माणूस बिनधास्त पाय ठेवतो," असं त्यांचं म्हणणं. परीक्षेत अशी पोरं त्यांनी बेलाशक नापास केली. त्यातला एक पुढं मोठा ठेकेदार झाला. नाना अजून सायकलवर आहेत.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरायची वेळ आली.

मंजुषा शेंद्र्याच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. त्याच कंपनीत देखभालीचं काम बघणारा सत्यम तिला आवडला, त्याला ती आवडली. मुलगा मूळचा सोयगावकडचा. जात एक, पोटजात एक, दोन्हीकडं थोडी शेती, दोन्हीकडं महिन्याचा पगार. प्रेमात पडताना इतकी सोय सहसा कुणी बघत नाही. मंजुषानं ती बघून ठेवली होती की आपोआप जमून आली, हे मी तिला विचारलं नाही. पण एवढं सगळं जमल्यावर आता उरलंच काय, तर पत्रिका.

आमच्यात पत्रिका बघत नाहीत. बुद्धवंदना होते, दोन हार पडतात, लग्न लागतं. मोडायची झाली तर आमचीही मोडतात, कारणांची काही टंचाई नाही. फक्त त्याचा आळ आम्ही आकाशावर घेत नाही. त्यामुळं दांडग्यांच्या बैठकीत गुरुजी आले, तेव्हा मी चहा घेऊन गेले आणि फुकटचं बघायला मिळतंय म्हणून तिथंच बसले.

गुरुजींनी दोन्ही पत्रिका मांडल्या, ओठ हलवले, बोटं मोजली आणि चष्मा काढला. डॉक्टर असा चष्मा काढतात तेव्हा नातेवाइकांना बाहेर बोलावतात.

"मुलगी चित्रा नक्षत्र. राक्षसगण. मुलगा अनुराधा, देवगण. देव अन् राक्षस एका छताखाली नांदत नाहीत."

आमच्या सोसायटीच्या सभेला गुरुजी कधी आलेले नसावेत. तिथं दोन्ही बाजू एकाच छताखाली, एकाच पाण्याच्या टाकीवर, वर्षानुवर्षं नांदत आहेत.

"राक्षस कुणाला म्हणताय?" नानांनी विचारलं. "आमच्या मंजीला?"

"तिला नाही हो. तिच्या नक्षत्राला."

"मग नक्षत्रानं काय केलंय?"

"केलं काही नाही. स्वभावच तसा."

"कुणी बघितलाय स्वभाव?"

गुरुजींनी काकूंकडं बघितलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी कपबशा गोळा केल्या.

सोयगावचा निरोप दोन दिवसांत आला. मुलाच्या आईनं, केसरबाईंनी, फोनवर गोड आवाजात सांगितलं की पोरगी लई गुणाची हाय, पण मोठं पोरगं हाय आमचं, जिवाला घोर नगं. मंजुषा जेवली नाही. सत्यमनं तिला सांगितलं, आई ऐकत नाही, तुमच्याच पत्रिकेत काहीतरी आहे, मी तरी काय करू. काकूंनी देव पाण्यात ठेवले. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, तरीही ठेवले, यावरून त्यांची तळमळ समजावी.

नानांनी मात्र चौकशी सुरू केली. "ज्याच्यावर आळ आहे त्याला एकदा बघायला तर पाहिजे," ते म्हणाले, आणि मोबाइल घेऊन माझ्याकडं आले. इंटरनेटवर चित्रेची सगळी माहिती इंग्रजीत होती.

"ताई, तुम्ही बी. ए. आहात. एवढं वाचून सांगा."

"नाना, माझं बी. ए. पालीत आहे."

"मग काय झालं? भाषाच ना तीबी."

या न्यायानं मी आठ-दहा दिवस रोज दुपारी, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात, एका ताऱ्याचं चारित्र्य वाचून दाखवलं. पालीचा उपयोग झाला नाही, डिक्शनरीचा झाला.

पहिल्याच दिवशी नाना हादरले. चित्रा हा निळा तारा आहे आणि त्याच्या पृष्ठभागाचं तापमान पंचवीस हजार डिग्री आहे, हे मी वाचलं, तेव्हा त्यांनी मला ते परत वाचायला लावलं.

"शून्य एखादं जास्त तर नाही ना पडलं?"

"नाही. सूर्य साडेपाच हजार. हा पंचवीस हजार."

"आमची गॅस वेल्डिंगची ज्योत तीन हजाराच्या थोडी वर," नाना म्हणाले. "तेवढ्यासाठी जन्मभर काळा चष्मा घातला मी. अन् ह्याच्याकडं माणूस गच्चीवरून उघड्या डोळ्यांनी बघतो?"

लांब आहे म्हणून, मी सांगितलं. उजेडाला तिथून इथं यायला अडीचशे वर्षं लागतात. आपण बघतो तो उजेड तिथून निघाला तेव्हा आपल्या शहरावर निजामाचं राज्य होतं. नानांना त्याचं फार कौतुक वाटलं. अडीचशे वर्षं चालून वेळेवर पोचणारी एखादी वस्तू या शहरात येते, हेच त्यांना नवीन होतं.

मग एकेक कळत गेलं. चित्रा म्हणजे एक तारा नाहीच, दोन आहेत. मोठा अकरा सूर्यांच्या वजनाचा, वीस हजार सूर्यांइतका उजळ. धाकटा सात सूर्यांच्या वजनाचा, पण गरमच. दोघं इतके जवळ की सूर्य आणि पृथ्वीच्या मधल्या अंतराचे आठ भाग केले तर त्यातल्या एका भागात मावतील. चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण. आणि एकमेकांना एवढे ओढतात की दोघांचा गोल आकार राहिलेला नाही; अंड्यासारखे लांबट झालेत. त्यांचा बराचसा उजेड तर डोळ्याला दिसतच नाही, तो जांभळ्याच्या पलीकडचा. हे ऐकून नानांनी मान डोलावली. वेल्डिंगच्या त्याच न दिसणाऱ्या उजेडानं नव्या पोरांच्या डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. ओळखीचं माणूस निघाल्यासारखे ते खूश झाले.

"ह्यात राक्षसाचं काय आहे सांगा मला," ते म्हणाले. "गरम आहे, जड आहे, उजेड देतंय. पोरगी जन्मली तेव्हा चंद्र ह्याच्यापाशी उभा होता, एवढाच गुन्हा. त्यापायी हकनाक बदनाम केलंय."

काकू पडद्यामागून म्हणाल्या, "पोरगी घरात बसलीय अन् बाप ताऱ्याची वकिली करतोय."

त्याच आठवड्यात गुरुजींनी काकूंना बाजूला घेऊन उपाय सांगितला. उपाय असा की मंजुषाचा जन्म चित्रा नक्षत्र संपत आलं असताना झाला होता. जन्मवेळ दोन-अडीच तास पुढं सरकवली की ती स्वातीत जाते. स्वाती देवगण. सगळं जुळतं. "एवढं तर सगळेच करतात," गुरुजी म्हणाले. "दवाखान्यातलं घड्याळ तरी कुठं बरोबर असतं?"

सगळेच करतात हे खरं असावं. कारण ही गोष्ट कळल्यावर इमारतीतल्या एकाही बाईला आश्चर्य वाटलं नाही, उलट एवढ्या उशिरा कसं सुचलं याचं वाटलं. तळमजल्यावरच्या सरितानं तर सांगितलं की तिचं स्वतःचं नक्षत्र दोनदा बदललंय, आणि दुसऱ्या वेळचं तिला जास्त मानवलं.

नानांना सांगितल्यावर घरात जो आवाज झाला, तो मी माझ्या स्वयंपाकघरातून ऐकला. भिंत एकच आहे आणि ठेकेदारानं ती पातळ बांधलीय.

"स्वाती चार हजार डिग्री! नारिंगी तारा! पंचवीस हजाराच्या पोरीला चार हजारात बसवू?"

"अहो, पोरगी संसारात बसवायचीय, भट्टीत नाय!"

"बाबा, कागदावर स्वाती लिहिलं तर काय बिघडतं?" हा मंजुषाचा आवाज. रडून बसलेला.

नाना बोलले तेव्हा आवाज खाली आला होता. "मंजे, हा जोड घासून गुळगुळीत करून देण्यातला प्रकार आहे. उद्या घरात दूध नासलं तरी तुझी सासू म्हणेल, पत्रिका तर चांगली होती, मग कुठं चुकलं? अन् तू जन्मभर मनात घाबरत राहशील. तुला आहे तशी घेणार असतील तर घेऊ दे."

"अन् नाही घेतलं तर?"

 

पुढं काय झालं ते मला सोयगावची मंडळी आली त्या दिवशी कळलं. मे महिना, संध्याकाळ, आणि नेमका पाण्याचा दिवस. काकूंच्या घरात पिंप, बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरून मांडलेलं. पाहुण्यांना बसायला पिंपांच्या मधून वाट काढलेली. मला मदतीला बोलावलं होतं. फोडणीच्या सुशीलासाठी चुरमुरे भिजवता भिजवता मी काकूंना विचारलं, "ह्यांनी तर नाही म्हणून कळवलं होतं. मग आले कसे?"

काकूंनी दार लोटलं. "स्वातीची पत्रिका पाठवली मी. ह्यांना सांगितलं की त्यांचं मन बदललं. तुम्ही काय बोलू नका, विशाखाताई, माझ्या लेकीची शपथ."

मी चुरमुरे पिळले. एका घरात दोन पत्रिका, एका मुलीची दोन नक्षत्रं आणि बाहेर खोटं सहन न होणारा एक निदेशक. एवढा दाब गुरुजींच्या गणितात धरलेला नव्हता.

केसरबाई ठसठशीत बाई. नवरा कडुबा बारीक, शांत, कोपऱ्यात बसून सुपारी चघळणारा. सत्यम इस्त्रीच्या शर्टात, नजर जमिनीकडं. केसरबाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, "तुमचं गाव कोनतं म्हनायचं?" गाव विचारताना नेमकं काय विचारतात ते मला कळतं. "हर्सूल," मी म्हणाले. त्यावरून त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. हर्सूलला तळं आहे आणि जेल आहे, आणि दोन्हीकडं सगळ्या आडनावांची माणसं जातात.

सुशीला झाली, पन्हं झालं. केसरबाईंनी मंजुषाला जवळ बसवून घेतलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि केसरबाई प्रेमानं म्हणाल्या, "आता स्वातीची पोर म्हंजी शांतच असनार. देवगन तो."

नानांनी मान वर केली.

"स्वाती नाही," नाना म्हणाले. "चित्रा आहे ती."

"अहो," काकू म्हणाल्या.

"चित्रा. राक्षसगण म्हणतात तो. स्वातीचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

नानांनी एकदा काकूंकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मंजुषाचा चेहरा पांढरा पडला. केसरबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला, म्हणजे आता त्या उठणार.

"पावनं, असं फसवायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच सांगितलं," नाना म्हणाले. "आता उठताच आहात तर गच्चीवर चला. निदान ज्याला नाही म्हणताय त्याला बघून तरी नाही म्हणा."

हे आमंत्रण इतकं विचित्र होतं की नाही म्हणायचं कुणाला सुचलं नाही. सगळे जिना चढले. पुढं नाना, मागं केसरबाई गुडघ्यावर हात ठेवत, त्यांच्यामागं बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी मी, वाळवणाच्या कुरडया कुणी तुडवू नयेत म्हणून.

अंधार पडला होता. नानांनी हात वर केला. उत्तरेला सप्तर्षी, त्यांची शेपटी. ती वाकवत पुढं नेली की नारिंगी स्वाती. तीच वाकण आणखी पुढं नेली की दक्षिणेला, उंच, एकटी, निळसर पांढरी चित्रा. आजूबाजूला दुसरं ठळक काही नाही. शहराचा एवढा उजेड असूनही दिसत होती.

"लई बारीक हाय की," केसरबाई म्हणाल्या. त्यांचा राग थोडा उतरलेला दिसला. राक्षस म्हटल्यावर त्यांना काहीतरी मोठं अपेक्षित असावं. "अन् निळी हाय. निळी म्हंजी थंडच असंल."

इथं नानांनी हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच निभावली असती. काकूंनी मागून त्यांचा शर्ट ओढलाही.

"थंड? निळी म्हणजे सगळ्यात गरम!" नाना म्हणाले. "पंचवीस हजार डिग्री."

"अगं बाई."

"अन् एक नाही, दोन आहेत. चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. इतके जवळ की एकमेकाला ओढून ओढून अंड्यासारखे झालेत."

"कोन कोनाला ओढतंय?"

"दोघं दोघांना. थोरला जास्त."

केसरबाईंनी हळूच नवऱ्याकडं बघितलं, मग मंजुषाकडं. "म्हंजी रोजची वढावढ?"

"रोजची. थांबत नाही. अन् थोरला एवढा जड आहे की शेवटी फुटणार."

काकूंनी कपाळावर हात मारला. नानांच्या पक्षात एवढा चांगला आरोपी होता आणि जामीनदारच त्याला फासावर चढवत होता.

"फुटनार?" केसरबाई उलट्या घातलेल्या टबवर बसल्या. "कधी?"

"काही लाख वर्षं तरी आहेत," मी मध्ये बोलले. "लग्नाला अडचण नाही."

"तुम्ही थांबा, ताई," नाना म्हणाले, आणि ते जे बोलले ते मात्र माझ्या वाचनात कुठं नव्हतं. "केसरबाई, मी गरम वस्तू लई हाताळल्यात. गरम वस्तू वाईट नसते. ती गरम आहे हे माहीत नसतं तेव्हा माणूस भाजतो. माझी पोरगी आहे ती ही आहे. कामाला वाघ आहे, रागाला पण आहे, अन् खोटं बोललं की चेहऱ्यावर दिसतं. आता तुमच्या समोर उभी आहे. घ्यायची तर अशी घ्या. स्वाती म्हणून देणार नाही."

मंजुषा कठड्याला धरून उभी होती. तिनं वडिलांकडं बघितलं नाही, सत्यमकडं बघितलं. सत्यमनं आईकडं बघितलं. आई टबकडं. असा तो प्रश्न गच्चीभर फिरून कुणाच्याच पदरात न पडता राहिला.

मग कोपऱ्यातून कडुबा बोलले. आल्यापासून त्यांचं ते पहिलं वाक्य.

"राक्षसगन हाय म्हन्ता?" सुपारी गालात सरकवून ते म्हणाले. "मंग जुळतंय की."

"तुमी गप ऱ्हा," केसरबाई म्हणाल्या. जरा जास्तच पटकन म्हणाल्या.

"काय जुळतंय?" नानांनी विचारलं.

"काय नाय."

"आपला सत्या ज्येष्ठाचाच हाय ना," कडुबा निवांतपणे म्हणाले. त्यांना काही लपवायचं होतं हे त्यांच्या लक्षातच नसावं. "त्योबी राक्षसगनच. ती पाचोऱ्याची पोरगी आली व्हती तवा गुरुजीनं अनुराधा करून देल्लं. ते स्थळ तर मोडलं. अनुराधा तसंच ऱ्हायलं."

मी पालीत बी. ए. आहे, पण एवढं गणित मलाही आलं. खऱ्या पत्रिका एकमेकींना जुळत होत्या. त्यांनी आपली घासून पाठवली म्हणून त्या जुळेनात. मग ह्यांनी आपली घासून पाठवली, म्हणून खोटी खोटीशी जुळली. दोन्ही घरांनी दोन गुरुजींना दोन वेळा दक्षिणा देऊन जे मिळवलं, ते काहीच न करता आयतं होतं.

"मोठा पोरगा, त्यात ज्येष्ठा नक्षत्र," केसरबाई पडलेल्या आवाजात म्हणाल्या. "लोक लई शंका काढत्यात. आईचा जीव हाय, पावनं."

"आईचाच असतो," काकू म्हणाल्या, आणि दोघी एकदम नजर चुकवून कुरडयांकडं बघू लागल्या. मैत्री तिथंच झाली. एकाच चोरीत सापडलेल्या माणसांची होते तशी पक्की.

पण मंजुषा हसली नाही. ती सत्यमसमोर येऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे... आई म्हणाली, कुणाला बोलू नको."

"तुमच्याच पत्रिकेत काहीतरी आहे म्हणालास मला. मी जेवले नाही त्या दिवशी."

"मी पण नाही जेवलो, मंजू."

"तू कॅन्टीनला दोन प्लेट भजी खाल्लीस. मी होते तिथं."

नकार द्यायचा अधिकार आता कुणाकडं आहे, हे गच्चीवरच्या सगळ्यांना एकदमच कळलं. एक तासापूर्वी सुशीला-पन्ह्यासारखी समोर मांडलेली मुलगी आता कठड्याला टेकून हाताची घडी घालून उभी होती, आणि सोयगावची मंडळी तिच्या तोंडाकडं बघत होती.

"खोटं बोलताना तुझ्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही," ती सत्यमला म्हणाली. "मला त्याची भीती वाटते."

"परत नाही बोलणार."

"परत बोललास तर साखरपुड्याची अंगठी तुमच्या दारात ठेवून येईन. आईसमोर सांगते, तुझ्या पण आणि माझ्या पण."

"व्हय, ठेव," केसरबाई घाईनं म्हणाल्या. "मीच उचलून तुझ्या हातात देईन, अन् ह्याला घराबाहेर."

सत्यमनं मान हलवली. इतका वेळ इस्त्री केलेल्यासारखा ताठ उभा असलेला तो मुलगा आता जरा माणसासारखा दिसत होता. मंजुषानं वडिलांकडं वळून विचारलं, "बाबा, ज्येष्ठा किती डिग्री?"

नाना इतका वेळ रागानं लाल झाले होते. एवढं करून शेवटी गण जुळले म्हणून लग्न ठरतंय, चित्रेचं पंचवीस हजार कुणी विचारातच घेतलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण तापमान विचारल्यावर त्यांच्याच्यानं राहवलं नाही. त्यांनी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आग्नेयेला, इमारतींच्या वर, नुकताच उगवलेला तांबडा ठिपका दाखवला.

"तो. लाल म्हणजे थंड. साडेतीन हजाराच्या आतच. आमच्या गॅसच्या ज्योतीएवढा." त्यांनी सत्यमकडं डोळे बारीक करून बघितलं. "हाताळता येतो."

"मग चालेल," मंजुषा म्हणाली.

काकू रडायला लागल्या, केसरबाईही लागल्या; कडुबांनी दुसरी सुपारी काढली. साखरपुडा लवकर करायचं ठरलं. फक्त लग्न ज्येष्ठ महिन्यात नको, केसरबाई डोळे पुसता पुसता म्हणाल्या. थोरला पोरगा, ज्येष्ठा नक्षत्र, वर ज्येष्ठ महिना म्हणजे फारच होईल. दिवाळीनंतर बघू. नानांनी तोंड उघडलं, पण काकूंनी या वेळी शर्ट चांगलाच जोरात ओढला.

जिन्याशी आल्यावर केसरबाई थांबल्या. त्यांनी त्या तांबड्या ठिपक्याकडं पुन्हा एकदा काळजीनं बघितलं.

"काय हो, पावनं," त्यांनी हळूच विचारलं, "आमचाबी फुटनार हाय का?"

"हो," नाना म्हणाले. "आधी तोच."